डोडोचं पिक्चर बुक वर्गात न्यायचं का?

आमच्या केंद्रातल्या शाळांच्या वाचन कोपऱ्यांसाठी पुस्तकं निवडायचं काम चालू आहे. त्यात डोडोवरचं, म्हणजे मॉरिशस बेटावरच्या, आता नामशेष झालेल्या न उडणाऱ्या पक्ष्यावरचं एक पिक्चर बुक माझ्या वाट्याला आलं, "मॅडम, बघून सांगा घ्यायचं का" म्हणून. मी चौथीला शिकवते. पुस्तक दिसायला फार देखणं आहे, वॉटरकलरची मोठी मोठी चित्रं, एका पानावर दोन-तीन ओळी, कागद जाड. वर्गात ठेवलं तर आठवड्यात कोपरे दुमडतील इतकं वाचलं जाणार यात शंकाच नाही. आणि म्हणूनच नीट बघायला हवं होतं, कारण जे पुस्तक मुलं पन्नास वेळा उघडणार त्यातली चूक पन्नास वेळा डोक्यात जाणार.

पुस्तकाचं नाव लिहीत नाहीये. जे खटकलं ते याच एका पुस्तकात आहे असं नाही, डोडोची जी जी पुस्तकं हातात आली त्यातल्या बऱ्याच पुस्तकांत हेच दिसलं, त्यामुळे तुम्ही कुठलंही डोडोचं पुस्तक घ्याल तरी खालचं सगळं तपासून बघा.

सगळ्यात आधी चित्र. जिवंत प्राण्याचं पुस्तक असेल, समजा बिबट्याचं, तर चित्रकाराने चुकीचं काढलं तर गावातलं पोरगंसुद्धा सांगेल की असं नसतं. डोडोचं तसं नाही. त्याचा फोटो नाही, त्याला बघितलेलं माणूस नाही, जे आहे ते सतराव्या शतकातली काही चित्रं, खलाशांच्या चार-दोन ओळींच्या नोंदी आणि हाडं. म्हणजे आपण आज जो डोडो बघतो तो प्रत्येक डोडो अंदाज आहे. काही अंदाज चांगले, काही वाईट. या पुस्तकातला डोडो एकदम गोलमटोल, पोट जमिनीला टेकतंय, पाय आखूड, चेहरा बावळट. हा डोडो आला कुठून तर युरोपातल्या जुन्या पेंटिंग्जमधून, त्यातलं सगळ्यात गाजलेलं रूलांट साव्हरी नावाच्या चित्रकाराचं, १६२६ च्या आसपासचं. पण त्या चित्रातला पक्षी कदाचित पिंजऱ्यात खाऊन खाऊन सुटलेला होता किंवा पेंढा जरा जास्तच भरलेला होता असं अभ्यासक म्हणतात. पुढे पुढे लोकांनी त्या चित्रावरूनच चित्रं काढली आणि तोच जाड डोडो ठरून गेला.

आता गंमत बघा, त्याच सुमाराला आपल्याकडे, जहांगीर बादशहाच्या दरबारात, डोडोचं एक चित्र काढलं गेलं. उस्ताद मन्सूरचं मानतात ते. तपकिरी रंगाचा, बऱ्यापैकी सडसडीत डोडो, आजूबाजूला इतर पक्षी. मूळ चित्र आता रशियात सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज म्युझियममध्ये आहे आणि जिवंत पक्षी समोर ठेवून काढलेल्या मोजक्या चांगल्या चित्रांत त्याची गणना होते. पीटर मंडी नावाच्या इंग्रज प्रवाशाने तर १६३० च्या आसपास सुरतेत दोन डोडो बघितल्याचं लिहून ठेवलंय. म्हणजे मॉरिशसहून जहाजातून पक्षी आपल्या किनाऱ्यावर आले होते! आणि भारतात छापलेल्या पुस्तकात याचा एका ओळीचाही उल्लेख नाही, याचं मला खरंच वाईट वाटलं. मन्सूरचं चित्र मोबाईलवर उघडून पुस्तकातल्या पानाशेजारी ठेवलं तर मुलांना काही सांगावं लागत नाही, ती स्वतःच विचारतात की हे दोघं एकच आहेत का, आणि मग कोणता खरा.

दुसरं म्हणजे आकार. पुस्तकात डोडो आहे, समुद्र आहे, नारळ आहेत, पण डोडो केवढा होता हे कळायला एकही सोय नाही. वर्गात चित्र दाखवलं तर निम्मी मुलं शहामृगाएवढा म्हणाली, बाकीची कोंबडीएवढा. साधारण तीन फूट उंच धरायचा. वजनाचे अंदाज अगदी दहा किलोपासून वीसच्या वरपर्यंत जातात, कारण हाडांवरून वजन काढायच्या पद्धती वेगवेगळ्या. मी फळ्याशेजारच्या भिंतीवर तीन फुटांवर खडूने रेघ मारली आणि मुलं एकेक करून तिथे उभी राहून आली, छातीच्या जरा खाली लागतोय, पोटाला लागतोय असं चाललं होतं. पुस्तकात एक माणूस शेजारी काढला असता तर हे तिथेच झालं असतं.

आणि रंग, पिसं? काही खलाशी लिहितात काळी कुरळी पिसं, काही लिहितात राखाडी मऊ लव. इतकी वर्षं वाटायचं की लोकांनी काहीतरीच लिहिलंय. २०१७ मध्ये डोडोच्या हाडांचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली बघून अभ्यासकांनी असं मांडलं की पिल्लं ऑगस्टच्या आसपास अंड्यातून येत असावीत, वादळांचे महिने यायच्या आत भराभर वाढत असावीत आणि मार्चनंतर मोठे पक्षी पिसं टाकत असावेत. म्हणजे ज्या महिन्यात जहाज आलं त्या महिन्याचा डोडो त्या खलाशाने बघितला, दोघंही खरं बोलत होते. चौथीच्या मुलांना हे कळतं हो, व्यवस्थित कळतं. कोंबडीची पिसं झडलेली सगळ्यांनी बघितलेली असतात.

आता मला जे सगळ्यात जास्त लागलं ते. पुस्तकात मधल्या पानावर वाक्य आहे की डोडो मूर्ख होता, माणूस आला तरी पळाला नाही, म्हणून तो संपला. चित्रात खलाशी काठी घेऊन उभा आणि डोडो त्याच्याकडे हसून बघतोय. मुलं हसली. हसणारच, चित्र तसंच काढलंय.

पण हे खोटं आहे, आणि नुसतं खोटं नाही, वाईट आहे. मॉरिशस ज्वालामुखीतून वर आलेलं बेट, समुद्राच्या मधोमध. वटवाघळं सोडली तर तिथे जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी मुळात नव्हता. वाघ नाही, कोल्हा नाही, मांजर नाही, उंदीरसुद्धा नाही. डोडोचे पूर्वज म्हणजे उडणारी कबुतरं, कधीतरी तिकडे पोचली, खायला जमिनीवर पडलेलं मुबलक आणि घाबरायला कोणी नाही, मग पिढ्यान् पिढ्या अंग वाढलं आणि पंख लहान झाले. तिथे जगायला जे लागतं ते सगळं त्या पक्ष्याकडे होतं. जे कधी बघितलंच नाही त्याला घाबरायचं कसं? २०१६ मध्ये डोडोच्या कवटीचं स्कॅन करून मेंदूचा आकार मोजला तर तो शरीराच्या मानाने कबुतरांच्या मेंदूइतकाच निघाला, आणि वास घ्यायचा भाग तर चांगला मोठा. मूर्ख बिर्ख काही नाही.

माझ्या वर्गात सावकाश वाचणारी मुलं आहेत, खेळात पळताना मागे राहणारी आहेत, एखादी गोष्ट तीनदा सांगावी लागते अशी आहेत. त्या मुलांसमोर मी उभी राहून असं वाचून दाखवायचं की जो सावकाश होता, साधा होता, ज्याने विश्वास ठेवला तो मूर्ख होता म्हणून मेला? मी नाही वाचणार. मारलं कोणी, जहाजं कोणाची, उंदीर कोणी आणले हे सगळं बाजूला राहतं आणि दोष जातो मेलेल्या पक्ष्यावर. मुलं हे असं उचलतात पटकन, दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत कोणीतरी कोणाला तरी "ए डोडो" म्हणणार हे मी लिहून देते.

कारणांचंही तसंच. पुस्तकात खलाशांनी सगळे डोडो खाऊन टाकले एवढंच आहे. खाल्ले, नाही असं नाही, पण डच लोकांच्या किल्ल्याच्या जागी उत्खनन झालं तिथे जेवणातून टाकलेल्या हाडांमध्ये डोडोची हाडं सापडल्यात जमा नाहीत. आणि माणसं होतीच किती, त्या काळात बेटावर फार थोडी वस्ती होती. मोठा घात केला तो माणसांबरोबर आलेल्या प्राण्यांनी. जहाजातून उंदीर उतरले, डुकरं सोडली, माकडं आली, बकऱ्या आल्या. डोडोचं घरटं जमिनीवर, त्यात बहुधा एकच अंडं. ते अंडं खायला डुकराला किती वेळ लागतो! मोठे पक्षी डोळ्यांसमोर फिरत होते पण मागून पिल्लंच येत नव्हती. वर जंगलतोड. ही गोष्ट मारामारीच्या चित्राइतकी नाट्यमय नाही म्हणून पुस्तकं ती टाळतात बहुतेक, पण मुलांना हीच गोष्ट जास्त भिडते असा माझा अनुभव आहे. घरात उंदीर काय काय करतो ते त्यांना माहिती असतं.

काळाबद्दल तर पुस्तकात फक्त "फार फार वर्षांपूर्वी". हे वाचून मुलांनी डोडोला सरळ डायनासोरच्या शेजारी नेऊन बसवलं, मी विचारलं तर एकाने कोटी वर्षं सांगितली. अहो, डचांची जहाजं मॉरिशसला उतरली १५९८ ला. डोडो शेवटचा दिसल्याची जी नोंद बहुतेक अभ्यासक धरतात ती १६६२ ची. चौथीचं परिसर अभ्यासाचं दुसरं पुस्तक म्हणजे शिवछत्रपती, मुलांना सन पाठ असतात. १६५९ ला अफजलखान, १६६३ ला लाल महालात शायिस्तेखान, १६६४ ला सुरत. मी फळ्यावर रेघ मारून हे सगळे सन लिहिले आणि मध्ये १६६२ ला डोडो लिहिला, वर्ग एकदम गप्प झाला आणि मग सगळे एकदम बोलायला लागले. "म्हणजे महाराज होते तेव्हा डोडो होता?" होता. शेवटची नोंद झाली म्हणजे त्याच दिवशी शेवटचा पक्षी मेला असं नसतं हेही सांगितलं, काही अभ्यासकांनी नोंदींवरून गणित मांडून १६९० च्या आसपासचा काळ काढलाय. ही एक कालरेषा पुस्तकाच्या शेवटच्या पानावर छापली असती तर काय बिघडलं असतं?

जागेचंही सांगते, थोडक्यात. मॉरिशस म्हणजे नकाशावरचा ठिपका म्हणून सोडून देऊ नका. एकोणिसाव्या शतकात आपल्या रत्नागिरीकडची माणसं तिकडे उसाच्या मळ्यांवर गिरमिटिया, म्हणजे करारावरचे मजूर म्हणून गेली, त्यांची पतवंडं आजही तिथे आहेत, शाळांमध्ये मराठी शिकवतात, गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. त्या देशाच्या राजचिन्हावर एका बाजूला डोडो आहे आणि दुसऱ्या बाजूला हरीण, दोघांजवळ ऊस. हरीण मूळचं तिथलं नाही, डचांनी जावाहून आणलेलं. ऊसही बाहेरून आलेला. कोकणातल्या शाळेत हे एक चित्र दाखवून अख्खा तास घेता येतो, भूगोल, इतिहास, आपली माणसं सगळं त्यात येतं.

एक पान मात्र सरळ चूक आहे, तिथे मी शिक्षकांसाठी चिठ्ठीच चिकटवणार आहे. त्यात म्हटलंय की तांबालाकोक नावाचं झाड डोडोशिवाय उगवूच शकत नव्हतं, डोडोने फळ खाऊन बी टाकली तरच रुजायची, डोडो गेला आणि झाडही संपायला आलं. १९७७ मध्ये एका शास्त्रज्ञाने हे मांडलं होतं आणि गोष्ट इतकी सुंदर आहे की जगभरच्या पुस्तकांत गेली. पण नंतर इतरांनी तपासलं तर डोडो गेल्यानंतर जन्मलेली झाडं सापडली, बी तशीही रुजते हे दिसलं. पटणारी गोष्ट असली म्हणजे खरी असतेच असं नाही, विज्ञानात ती पुन्हा तपासतात, हे शिकवायला खरंतर याच्यापेक्षा चांगलं उदाहरण नाही, पण पुस्तकात ते फॅक्ट म्हणून छापलंय तर मुलं फॅक्ट म्हणूनच घेणार.

आणि पुस्तकात जे अजिबातच नाही, आणि ज्याच्यासाठी मी अख्खं पान दिलं असतं, ते म्हणजे हे सगळं आपल्याला कळलं कसं. डोडो गेल्यानंतर असा काळ आला होता की लोकांना वाटायला लागलं असा पक्षी नव्हताच, खलाशांच्या थापा आहेत. मग १८६५ मध्ये मॉरिशसमधल्या माहेबूर गावच्या जॉर्ज क्लार्क नावाच्या शाळामास्तराने मार ओ सोंज नावाच्या दलदलीत डोडोची हाडं शोधून काढली. गड्यांना चिखलात उतरवून पायांनी चाचपायला लावलं! तिथून पोत्याने हाडं निघाली, लंडनला गेली, आणि डोडोचं शरीर कसं होतं ते नीट कळायला लागलं. शाळामास्तर हो, प्रोफेसर नाही. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एत्येन तिरियू नावाच्या एका केशकर्तनकाराला डोंगरात हाडं मिळाली, त्यातला एकाच पक्ष्याचा जवळजवळ पूर्ण सांगाडा पोर्ट लुईसच्या म्युझियममध्ये आहे. इतर ठिकाणचे बहुतेक सांगाडे अनेक पक्ष्यांची हाडं जोडून केलेले. ऑक्सफर्डमध्ये एक डोकं आणि एक पाय आहे, डोक्यावर सुकलेली कातडी अजून आहे, जगात तेवढीच उरलीय. २०१८ मध्ये त्या डोक्याचं स्कॅन केलं तर कवटीत शिशाचे छर्रे निघाले, म्हणजे त्याला मागून गोळी घातली होती. तोवर समजूत अशी होती की हा लंडनमध्ये लोकांना दाखवायला ठेवलेला पाळीव डोडो असावा.

हे वाचून मला स्वतःला इतका आनंद झाला की मी दुसऱ्या दिवशी वर्गात आधी हेच सांगितलं, पुस्तक नंतर उघडलं. मुलांना शोधाची गोष्ट आवडते. कोण होता, कुठे सापडला, कसं कळलं, आणि मग अजून काय कळायचं राहिलंय.

नातेवाईकांचं पानही घालता आलं असतं. डोडो कबुतराच्या कुळातला. डीएनए बघून असं निघालं की आज जिवंत असलेल्यांत त्याचा सगळ्यात जवळचा नातेवाईक निकोबारी कबुतर, म्हणजे आपल्याच निकोबार बेटांवर दिसणारा, हिरव्या-तांबूस चमकदार पिसांचा, पांढऱ्या शेपटीचा. आपला राज्यपक्षी हरियल, शाळेच्या पत्र्यावर घुमणारा पारवा, शेतातला होला, सगळी एकाच मोठ्या कुटुंबातली. एवढं सांगितलं की डोडो परका राहत नाही.

शेवटचं पान काळं आहे, मध्ये फक्त एक पीस. चित्र म्हणून उत्तम. पण पहिली-दुसरीच्या मुलांना तिथे सोडून पुस्तक मिटायला माझं मन धजावत नाही. लहान मुलं "मग आता कोणाची पाळी" असं विचारतात आणि रात्री झोपताना आईला विचारतात. आणि मॉरिशसची गोष्ट तिथे संपतही नाही. मॉरिशसचा खरुची, म्हणजे तिथला छोटा ससाणा, १९७४ मध्ये रानात फक्त चार उरले होते असं मोजलं गेलं, अंडी उबवून, पिल्लं वाढवून, घरट्यांसाठी पेट्या लावून आज ते शेकड्यांत आहेत. गुलाबी कबुतर, डोडोचंच भाऊबंद, १९९० च्या सुमाराला रानात जेमतेम दहा होती, तीही शेकड्यांत आली. मी हे काळ्या पानानंतर सांगते. आणि आपल्याकडचा रानपिंगळा, शंभरहून जास्त वर्षं कोणाला दिसला नव्हता, गेला असंच धरलं होतं, तो १९९७ मध्ये आताच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ सापडला. मुलं टाळ्या वाजवतात याला, खरंच.

चित्त्याशी घोळ होतो तो आधीच सोडवा. चित्ता भारतातून गेला, १९५२ ला तसं जाहीर झालं, पण आफ्रिकेत होता म्हणून २०२२ मध्ये कुनोला आणता आला. डोडो कुठेच नाही. "पण टीव्हीवर दाखवलं डोडो परत आणणार" असं एक तरी मूल म्हणतंच. २०२३ मध्ये एका अमेरिकन कंपनीने तसं जाहीर केलंय, निकोबारी कबुतराच्या पेशींची मदत घेऊन. मी मुलांना सांगते की ते जमलं तरी तो डोडोसारखा केलेला नवीन पक्षी असेल, आणि त्याला जमिनीवर कसं फिरायचं हे शिकवणारी डोडो आई नसेल, मग त्याला सोडायचं कुठे, उंदीर आणि डुकरं अजून तिथेच आहेत. यावर वर्गात जी चर्चा झाली ती मोठ्यांच्या मीटिंगपेक्षा बरी होती.

तर माझा अभिप्राय मी असा दिलाय. पुस्तक घ्यायचं, पण तिसरी-चौथीसाठी, आणि पहिल्यांदा शिक्षकाने सोबत बसून वाचायचं, सरळ कोपऱ्यात ठेवून द्यायचं नाही. पहिली-दुसरीला नको. मूर्खवाल्या ओळीवर पट्टी लावून तिथे नवीन ओळ लिहायची, मी लिहिलीय ती अशी: "या बेटावर डोडोला घाबरावं असं कधी कोणी आलंच नव्हतं." झाडाच्या पानावर चिठ्ठी. मागच्या कोऱ्या पानावर सनावळीची रेघ, त्यात शिवरायांचे सन आणि डोडोचे सन एकत्र. मन्सूरच्या चित्राची रंगीत प्रिंट आतल्या बाजूला चिकटवायची, दहा-वीस रुपयांत निघते.

प्रकाशकांनाही पत्र लिहिलंय, पुढच्या आवृत्तीत ती ओळ आणि ते झाडाचं पान बदला म्हणून, सोबत मन्सूरच्या चित्राची माहितीही दिलीय. तुमच्या शाळेत डोडोचं दुसरं कुठलं मराठी पुस्तक असेल तर ते काय म्हणतं ते मला जरूर कळवा, विशेषतः कारणांचं पान.